सरावाची पटकी

"म्याडम, आता उठू का जी?"

मी तिचं मनगट धरून बसले होते. नाडी चांगली टणक लागत होती. पण तिच्या गळ्यात अडकवलेल्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं : 'पेशंट क्रमांक सात. स्त्री. अंगातलं पाणी संपलेलं. नाडी लागत नाही. बेशुद्ध.'

"बाई, तुम्ही बेशुद्ध आहात," माझ्या पाठीमागे गुण द्यायला उभे असलेले परीक्षक म्हणाले. "बोलायचं नाही. सकाळी समजावून सांगितलं ना सगळ्यांना?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. साठीच्या आसपासच्या असाव्यात. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, ओठ घट्ट आवळलेले. मी हातात सलाईनची नळी घेतली आणि ती त्यांच्या दंडाला चिकटपट्टीनं लावली. सुई टोचायची नव्हती, फक्त दाखवायची होती. अंगावर वाकलेल्या मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या पुन्हा म्हणाल्या, "बुढा घरी पडला हाय माहा. सकाळपासून पान्यावानी हगून रायला. हात थंडे पडले त्याचे."

मी परीक्षकांकडे वळले. "सर, या म्हणताहेत की यांच्या घरी खरा रुग्ण आहे."

त्यांनी हातातले कागद चाळले. "घरातला रुग्ण दुसऱ्या टप्प्यात येतो, डॉक्टर कोरडे. तुम्ही आधी हा टप्पा पूर्ण करा."

"यांचा नवरा खरोखर आजारी आहे, असं म्हणताहेत."

"छान अभिनय करतात हो इथली माणसं," ते म्हणाले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून साथरोगांच्या प्रशिक्षणाला निवडून आले होते. कुठे साथ फुटली की तिथे पोचायचं, ती कुठून आली ते शोधायचं आणि तिचा रस्ता बंद करायचा, हे काम शिकवणारा तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम. राज्यभरातले आम्ही मोजके डॉक्टर त्यात होतो. शिकवणारे होते डॉ. रत्नपारखी. अर्धं आयुष्य त्यांनी साथींच्या मागे पायी हिंडण्यात घालवलं होतं, आणि तसं व्हायचं म्हणून आम्ही सगळे तिथे आलो होतो. मी तर त्यांच्यासारखी चालायलाही लागले होते, हात मागे बांधून.

त्या दिवशी आमचं मॉक ड्रिल होतं. कॉलऱ्याची खोटी साथ. गोंदिया जिल्ह्यातला कनेरटोला हा छोटा टोला, म्हणजे वस्ती, त्यासाठी निवडला होता. उन्हाळा संपत आला होता. शाळेच्या पटांगणात मांडव, मांडवात कूलर, कूलरसमोर दिल्लीचे आणि परदेशातले पाहुणे. या पाहुण्यांनी मान डोलावली तर अभ्यासक्रम पुढे चालणार होता. गावातल्या बायामाणसांना खाटांवर झोपवून त्यांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवले होते. दुपारचं जेवण त्यांना मिळणार होतं.

मी उठले आणि सरळ मांडवात गेले. रत्नपारखी सर पाहुण्यांना नकाशा समजावून सांगत होते.

"सर, गावात खरा रुग्ण आहे."

"कुठल्या टप्प्यातला?"

"टप्प्यातला नाही. खरा. क्रमांक सातचा नवरा."

ते मला दोन पावलं बाजूला घेऊन गेले. चेहऱ्यावरचं हसू पाहुण्यांसाठी तसंच ठेवून म्हणाले, "पाहुणे जेवून निघतील. मग सगळी टीम घेऊन बघू. तोवर डॉक्टर बिसेनना सांग."

"तोवर माणूस जाईल, सर."

"पाहिलंस तू त्याला?"

"नाही."

"मग? न पाहता निदान करायचं मी शिकवलं तुला?"

डॉ. बिसेन हे तिथले तालुका आरोग्य अधिकारी. ते मांडवाच्या दाराशीच होते आणि आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. माझ्या मागोमाग बाहेर येऊन ते चक्क हात जोडायला लागले. "मॅडम, एवढं काही नाही. म्हातारा माणूस, उन्हाचे दिवस. लग्नसराई आहे, खाल्लं असंल काही. दोन-चार जुलाबवाले कोणत्या गावात नसतात?"

"दोन-चार? म्हणजे आणखी आहेत?"

बिसेननी मागे वळून मांडवाकडे पाहिलं.

"आणखी आहेत का, डॉक्टर?"

"मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आजच्या दिवस घरात राहा म्हणून. गोळ्या दिल्यात. उद्या मी स्वतः..."

त्यांचं पुढचं मी ऐकलं नाही. पटांगणात परत आले, बाईंच्या दंडावरची चिकटपट्टी ओढून काढली आणि म्हणाले, "उठा. घर दाखवा."

"डॉक्टर कोरडे, रुग्ण जागेवरून हलवला तर गुण कापावे लागतील," परीक्षक म्हणाले.

"कापा," मी म्हणाले.

बाईंचं नाव सायत्राबाई मरसकोल्हे. चालताना कळलं. चालत कसल्या, त्या पळत होत्या. त्यांचं घर टोल्याच्या खालच्या अंगाला, नाल्याकडे. अंगणात मोहाच्या झाडाखाली बाज टाकलेली होती. बाजेची सुंभं मधोमध कापून खाली घमेलं ठेवलं होतं. त्या घमेल्यात जे होतं ते पाहिल्यावर मला दुसरं काही तपासावं लागलं नाही. तांदूळ धुतल्यावर जसं पाणी राहतं, तसं ते होतं.

फागू मरसकोल्हे शुद्धीवर होते. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडलेली. मी मनगट धरलं. तिथे काही लागलं नाही. कोपराशी धरलं, तिथेही नाही. गळ्याशी कुठेतरी अगदी बारीक, सुटत सुटत लागत होतं. पुठ्ठ्यावर लिहिलेलं सगळं या माणसाच्या अंगावर होतं, आणि पुठ्ठा बायकोच्या गळ्यात.

"पानी," ते म्हणाले.

"यांना तोंडानं थोडं थोडं पाजत राहा. मी सलाईन घेऊन आले," म्हणून मी धावत सुटले.

पटांगणातल्या औषधांच्या तंबूत खोक्यांची भिंत रचलेली होती. सलाईन, मीठ-साखरेची पाकिटं, सुया. एक खोकं खाली ओढलं. वर पाकिटांचा एक थर, खाली थर्माकोल. दुसरं ओढलं, तेही तसंच. सलाईनच्या खोक्यात बाटल्या होत्या, पण त्या कुठल्यातरी गोदामातल्या, मुदत संपून वर्षं झालेल्या. एका बाटलीत तर शेवाळाचा हिरवा धागा तरंगत होता. खोकी लावणारा कर्मचारी घाबरून म्हणाला, "मॅडम, फोटोसाठी आहेत ती. खरा माल इथे कोण आणणार?"

माझा सहाध्यायी तौसीफ देशमुख तेवढ्यात आत आला. मूळचा अकोल्याचा, आमच्यातला सगळ्यात शांत माणूस. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं एक प्रश्न विचारला. "अ‍ॅम्ब्युलन्स तरी खरी आहे का?"

अ‍ॅम्ब्युलन्स खरी होती. तिच्यात नर्सिंग कॉलेजची एक मुलगी तोंडाला साबणाचा फेस लावून पडली होती आणि एक जण तिचं चित्रीकरण करत होता. कॉलऱ्यात तोंडाला फेस येत नाही. पण तो कॅमेऱ्यात चांगला दिसत असावा. तौसीफनं त्या मुलीला हात देऊन खाली उतरवलं. गाडीत नेहमीच्या वापराच्या सलाईनच्या चार बाटल्या सापडल्या. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही. तौसीफनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, साहेबांनीच पाठवलंय मला." मी त्याला पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं.

आम्ही खालच्या अंगाला पोचलो, तेव्हा सायत्राबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन वाटीनं पाणी पाजत होत्या. पाणी ओठांच्या कडेनं खाली येत होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं असेल. मी गळ्याशी बोट लावलं. नंतर छातीला कान लावला. तौसीफ सुई हातात धरून तसाच उभा राहिला.

"बाई," मी म्हणाले.

"म्या म्हटलं होतं त्यायले, मले घरी जाऊ द्या," सायत्राबाई म्हणाल्या. "ते म्हने, पाहुने जाईपर्यंत उठू नको."

त्या रडल्या नाहीत. मला वाटतं त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

शेजारच्या घरात कुंदा नावाची तरुण सून त्याच अवस्थेला येऊन ठेपली होती. पलीकडे दोन भाऊ, त्याच्या पलीकडे एक मुलगी आणि तिची आजी. दारं पुढे ओढून घेऊन माणसं आत पडली होती, कारण साहेबांनी आजच्या दिवस बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. मी आणि तौसीफनं त्यांना बाहेर काढलं. आणलेल्या बाटल्या लावल्या आणि अ‍ॅम्ब्युलन्स भरून सरळ पटांगणात, मांडवासमोर आणून उभी केली. पाहुणे जेवायला बसत होते. कुंदाला मी एका रिकाम्या खाटेवर निजवलं. तिच्या अंगातून खाटेवर, खाटेवरून जमिनीवर ते पांढरं पाणी वाहायला लागलं, तेव्हा एक गोरे पाहुणे ताट ठेवून उठले.

"ही खरी आहे," मी मोठ्यानं म्हणाले. "आणि एक माणूस आत्ता मेला. तोही खराच होता."

रत्नपारखी सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी जे होतं ते मी विसरणार नाही. मग त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सरसावल्या.

खरं आहे ते सांगायला हवं. पुढचा सगळा दिवस त्या माणसानं जीव तोडून काम केलं. कुंदाच्या हाताला शीर सापडत नव्हती, ती त्यांनी बोटानं चाचपत पहिल्याच खेपेला धरली. जिल्ह्याहून खरी औषधं मागवली, आणि फोनवर इतक्या चढ्या आवाजात मागवली की ती आलीही. नकली रुग्णांसाठी मांडलेल्या खाटांवर खरे रुग्ण झोपले. सकाळी बेशुद्ध पडण्याचं सोंग केलेल्या बायका संध्याकाळपर्यंत त्यांना वाटीवाटीनं पाणी पाजत होत्या. फागू गेले आणि त्या मुलीची आजी गेली. बाकीचे सगळे वाचले. पाहुणे कधी निघून गेले ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर म्हणाले, "कोरडे, आता शोध. कुठून आली ते."

मी घरोघर फिरायला लागले. उत्तर फार लवकर मिळालं. आजारी पडलेली सगळी माणसं नाल्याच्या झऱ्याचं पाणी प्यायली होती. उन्हाळ्यात आटलेल्या नाल्याच्या वाळूत हातभर खणलं की पाणी लागतं, तो झरा. त्याच्या वरच्याच अंगाला गाव परसाकडे जातं. तेंदूपत्ता तोडून परतलेल्या मजुरांपैकी कुणीतरी आजार घेऊन आलं असणार आणि तो तिथून वाळूत उतरला असणार. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. समजत नव्हतं ते एवढंच, की वरच्या आळीत चांगली बांधलेली, भर उन्हाळ्यातही भरलेली सरकारी विहीर असताना ही माणसं वाळूतलं पाणी का पीत होती?

कुंदाच्या सासूला मी तेच विचारलं.

तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. "विहिरीत त जहर होतं न जी."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच त पाटी लावली."

मी विहिरीवर गेले. तोंडावर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, भोवती लाल पट्ट्या, आणि कवटीचं चित्र काढलेली पाटी : 'दूषित पाणी. पिऊ नये. जिवास धोका.' ही पाटी आदल्या दिवशी मीच पाहिली होती. आमच्या खोट्या साथीचं उगमस्थान म्हणजे ही विहीर होती. प्रशिक्षणार्थींनी माग काढत तिथे पोचायचं आणि पाटी दिसली की पूर्ण गुण. मला वाटलं होतं, पाटी त्या दिवशी सकाळी लावली असेल.

पण रंगीत तालीम बरीच आधी झाली होती. तालमीला आलेल्या लोकांनी जाळी बसवली, कुलूप घातलं, पाटी ठोकली, आणि मुख्य कार्यक्रमाला पुन्हा मेहनत नको म्हणून सगळं तसंच ठेवून निघून गेले. हे नाटक आहे, पाणी चांगलं आहे, असं गावात कुणीही कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कवटी काढून जिवास धोका लिहिल्यावर गावानं ते खरं मानलं. न मानून काय करणार होतं?

मी बिसेनना किल्ली मागितली. किल्ली मांडववाल्याकडे होती. मांडववाला तालुक्याला गेला होता. "संध्याकाळपर्यंत मागवतो," बिसेन म्हणाले. मी काही न बोलता शेजारच्या घरातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागून आणली. पहिला घाव कुलपावर न बसता दगडावर बसला आणि माझे हात कोपरापर्यंत झिणझिणले. दुसरा बसला. तिसरा. बायका गोळा झाल्या आणि पाहत राहिल्या. मला तेव्हा इतका संताप आला होता की कुलूप तुटल्यानंतरही मी जाळीवर घाव घालत होते. शेवटी तौसीफनं येऊन सब्बल धरली. "तुटलं ते," तो म्हणाला. "सुनयना, तुटलं."

दुपारी सरांनी मला शाळेच्या खोलीत बोलावलं. पंखा नव्हता. ते खिडकीशी उभे होते, नेहमीसारखे हात मागे बांधून.

"झरा," ते म्हणाले. "उत्तम काम केलंस. उगम : नाल्यातला उघडा झरा. एवढं पुरे आहे."

"आणि विहीर?"

"विहिरीचं पाणी तपासलं. स्वच्छ आहे. तिचा साथीशी संबंध नाही."

"सर, विहीर स्वच्छ आहे, हाच तर संबंध आहे."

ते वळले. "मला माहीत नव्हतं पाटी तशीच राहिलीय."

"मला पटतं ते."

"मग झालं तर. हे बघ, मी तुला स्पष्ट सांगतो. सरावासाठी लावलेल्या पाटीमुळे माणसं मेली असं एकदा बाहेर गेलं की हा अभ्यासक्रम उद्या बंद होईल. पुढच्या साथीला या राज्यात शिकलेलं माणूस नसेल. तेव्हा किती जातील? तू हिशेब करू शकतेस. मीच शिकवलाय तो तुला."

"लोक काय प्यायले यावर थांबायचं नाही, का प्यायले ते विचारायचं. हेही तुम्हीच शिकवलंत."

"ते मी साथीबद्दल शिकवलं. माणसाला फासावर चढवण्याबद्दल नाही."

"कुणाला?"

ते पुन्हा खिडकीकडे वळले. खिडकीतून खाटा दिसत होत्या. मग हळू आवाजात म्हणाले, "काल किती माणसं वाचवली आपण, तेही बघ."

मला ओरडायचं होतं. ज्या माणसासारखं चालायला मी शिकले होते, तो माणूस माझ्यासमोर उभा राहून मेलेल्यांतून वाचलेले वजा करत होता, आणि त्याला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं, "संध्याकाळी गावात सभा आहे. त्यांना काय सांगायचं?"

"ते बिसेन सांगतील. तू बोलायचं नाहीस."

सभा उन्हं उतरल्यावर चिंचेखाली भरली. गाव जमिनीवर, आम्ही खुर्च्यांवर. फागूंची माती त्याच दिवशी सकाळी झाली होती. सायत्राबाई बायकांच्या घोळक्यात मागे बसल्या होत्या, डोक्यावरून पदर पुढे ओढून.

बिसेन बोलायला उभे राहिले. आधी त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. मग आवाज चढवला. "हे दुखणं कुठून आलं? वाळूतलं घाण पाणी प्यायल्यानं आलं! किती वेळा सांगायचं तुम्हाला? हात धुवा, पाणी उकळा, परसाकडे लांब जा. ऐकत नाही कुणी. घाण पाणी तुम्हीच भरता, तुम्हीच घरच्यांना पाजता, आणि मग डॉक्टरांच्या नावानं बोंबलता. ज्या घरात माणूस गेला, त्या घरच्या बाईनं इचार करावा, आपण कुठलं पाणी आणत होतो."

सगळ्या माना मागे वळल्या. सायत्राबाईंचा पदर आणखी खाली आला.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला. "पर साहेब, विहीर त बंद होती न जी?"

"विहिरीचं पाणी खराब होतं म्हणून बंद होती," बिसेन म्हणाले. एका क्षणाचाही वेळ लागला नाही त्यांना. "तुमच्याच भल्यासाठी. आता आम्ही औषध टाकून साफ करून दिली."

मी रत्नपारखी सरांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. मला वाटलं, आता उठतील. आता तरी. त्यांनी रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला.

मी उठले.

"विहिरीचं पाणी चांगलं होतं," मी म्हणाले. "काल चांगलं होतं, परवा चांगलं होतं, आधीही चांगलंच होतं. ती पाटी खोटी होती. आमच्या कार्यक्रमासाठी लावली होती. नाटकात लावतात तशी. लावली, आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही. म्हणून तुम्ही झऱ्यावर गेलात. तुमची काही चूक नाही. विहीर उघडी असती तर हे घडलं नसतं."

"मॅडम!" बिसेन म्हणाले.

"आमच्या लोकांनी बंद केली," मी म्हणाले. "सरकारी डॉक्टरांनी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी दगडही मारला नाही. नंतर त्या म्हाताऱ्यानं डोक्याचं फडकं काढलं, झटकलं आणि तो चालायला लागला. त्याच्या मागून एकेक माणूस उठून गेला. जाताना आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. रिकाम्या जागेसमोर आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो होतो.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. शिस्तभंगाच्या कारणावरून माझं प्रशिक्षण थांबवलं आणि मला मूळ जागी परत पाठवलं. अभ्यासक्रम बंद झाला नाही. दोन वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या, एक समिती नेमली गेली, आणि समितीनं 'समन्वयाचा अभाव' असं म्हटलं. रत्नपारखी सर पुढे मोठ्या पदावरून निवृत्त झाले. त्यांनी घडवलेल्या डॉक्टरांनी खरोखरच अनेक साथी रोखल्या, त्यांत तौसीफही आहे. हा हिशेब सरांच्या बाजूनं जातो हे मला कळतं. तो मला कुणीही पुन्हा करून दाखवू नये. अजूनही कुणी 'समन्वय' म्हटलं की माझी कानशिलं तापतात.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. खुर्च्या उचलायला माणसं आली तेव्हा मी उठून गाडीकडे निघाले. चिंचेच्या मागे सायत्राबाई एकट्याच उभ्या होत्या. शिव्या देतील असं मला वाटलं, आणि त्या मी ऐकून घ्यायला हव्यात असंही वाटलं. मी त्यांच्यासमोर जाऊन थांबले.

"विहिरीत जहर नोहतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं."

"खरं सांगता न जी? का मले बरं वाटावं म्हनून?"

"खरं सांगते. पाणी आम्ही तपासलं. तुमच्यासमोर पिऊ का?"

त्यांनी मान हलवली. नको. चिंचेच्या खोडावर तळहात टेकून त्या उभ्या राहिल्या.

"बुढा म्हने, मले विहिरीचंच आन, झऱ्याचं गोड नाही लागत," त्या म्हणाल्या. "रोज म्हने. म्या भांडली त्याच्यासंग. म्हटलं, डॉक्टर लोकायनं लिवून ठेवलं, तुले मरायचं हाय का? आन् झऱ्याचं आनून पाजलं." त्यांचा आवाज फुटला. "मघा तो साहेब बोलला, तवापासून मी हेच घेऊन बसली होती, की म्याच मारलं."

मग तिथेच खाली बसून, दोन्ही हातांनी माती उकरत, सायत्राबाई पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.